सेकंदाचा विसावा भाग

व्हॉलीबॉल बघणाऱ्याची नजर ठरलेली असते. चेंडू वर गेला की सगळे स्मॅशरकडे बघतात. तो धावत येतो, उडी मारतो, हात मागे नेतो आणि धाडकन चेंडू पलीकडच्या मातीत रुतवतो. टाळ्या त्याला, आरोळ्या त्याच्या नावाच्या. त्याच्या जरा आधी चेंडू कुणाच्या बोटांवर होता, असं विचारलं तर निम्म्या प्रेक्षकांना सांगता येत नाही.

ताथवड्यात हा प्रयोग सहज करून बघता येईल. एका बाजूला मुंबई-बेंगळुरू महामार्ग, दुसऱ्या बाजूला पुनावळ्याच्या दिशेनं चढत गेलेले टॉवर, मध्ये इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटची कॉलेजं, जुन्या गावठाणात नृसिंहाचं देऊळ, असं हे ठिकाण. इथे शिकायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली येतात आणि आपापल्या गावचा खेळही बरोबर आणतात. संध्याकाळी मैदानावर नेट बांधलेलं दिसलं तर दहा मिनिटं थांबा आणि स्मॅशरकडे अजिबात बघू नका. नेटजवळ उभ्या असलेल्या, फारशी उडी न मारणाऱ्या, दर वेळी दुसरा टच घेणाऱ्या खेळाडूकडे बघा. कोचिंगवाले त्याला सेटर म्हणतात, मैदानावरची पोरं लिफ्टर म्हणतात. चेंडू त्याच्या डोक्यावर येतो, बोटांना लागतो आणि वर निघून जातो. थप्पड मारल्याचा आवाज नाही, धक्का नाही, चेंडूला गिरकी नाही. काही घडलंच नाही असं वाटतं.

जे घडलं त्याचा हिशेब नववीच्या फिजिक्समध्ये बसतो.

समजा, पहिल्या पासवर चेंडू लिफ्टरच्या हातांच्या वर तीन मीटर चढला. तिथून हातांपर्यंत पडेस्तोवर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर होतो, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. बोटं थोडी मागे वळतात, मनगटं थोडी दबतात, चेंडू स्वतःही थोडा चेपतो. हे सगळं मिळून चेंडू फार तर दहा सेंटीमीटर आत येतो, थांबतो आणि जवळपास तेवढ्याच वेगानं परत निघतो. दहा सेंटीमीटरांत ७.७ वरून शून्यावर यायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. शून्यावरून पुन्हा ७.७ वर जायला आणखी तेवढाच. एकूण झाला सेकंदाचा विसावा भाग. पापणी लवायला याच्या दुप्पट तरी वेळ जातो.

नियमाप्रमाणे चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण एवढ्याशा वेळात त्याची दिशा उलटी करायची म्हणजे बोटांवर सरासरी आठ किलोंचा भार येतो. दर लिफ्टला आठ किलो, आणि लिफ्टर मात्र चेहऱ्यावर सुरकुती न पाडता पुढच्या जागेवर पळालेला असतो.

यापेक्षा चक्रावून टाकणारी गोष्ट मेंदूच्या बाजूला आहे. डोळ्यांनी काही बघून त्यानुसार हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. स्पर्शाची बातमी त्यापेक्षा चपळ असते, हातापासून मेंदूपर्यंत ती ०.०२ सेकंदाच्या आसपास पोचते. पण बातमी पोचणं वेगळं आणि हुकूम सुटून त्याची अंमलबजावणी होणं वेगळं. त्याला ०.१ सेकंद तरी हवाच. चेंडू हातात असतो ०.०५ सेकंद. म्हणजे ‘अरे, डाव्या हाताला जरा जास्त लागला’ हे लिफ्टरला कळून तो काही करेल, तोवर चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. स्पर्श चालू असताना त्यात दुरुस्ती करण्याची सोयच नाही. ज्याला आपण लिफ्ट म्हणतो ती चेंडू बोटांना लागण्याआधीच पुरी झालेली असते. चांगला लिफ्टर आणि कच्चा लिफ्टर यांच्यात फरक पडतो तो स्पर्शाच्या अलीकडे.

हे एकदा पटलं की प्रशिक्षक ज्या गोष्टींसाठी घसा कोरडा करतात त्यांचा अर्थ लागतो. नवीन मुलाचा सगळा जीव हातांत असतो आणि प्रशिक्षक सारखे ‘पाय, पाय’ ओरडत असतात. चेंडू जिथे येणार तिथे आधी पोचायचं आणि थांबायचं. पळता पळता घेतलेल्या लिफ्टमध्ये अंगाचा वेग चेंडूत मिसळतो आणि तो वजा करायला वेळ नसतो. थांबायचं तेही कसं, तर जिकडे चेंडू पाठवायचा तिकडे खांदे आणि कंबर वळवून, नेटकडचा म्हणजे उजवा पाय जरासा पुढे ठेवून. उजवाच का? कारण लिफ्टर नेट उजव्या हाताला ठेवून उभा असतो आणि त्याची बहुतेक गिऱ्हाइकं डावीकडे. उजवा पाय पुढे असला की अंग आपोआप मैदानाच्या आतल्या बाजूला वळतं आणि थोडी चूक झालीच तर चेंडू नेटवरून पलीकडे न जाता आपल्याच अंगणात राहतो.

मग हात. ते चेंडू यायच्या बरेच आधी वर गेलेले हवेत. कपाळाच्या वर, किंचित पुढे. कोपरं बाहेरच्या बाजूला, मनगटं मागे वळलेली, बोटं ऐसपैस पसरलेली. अंगठे आणि तर्जन्या यांच्यामध्ये एक त्रिकोणी खिडकी तयार होते, त्या खिडकीतून येणारा चेंडू दिसला पाहिजे. डोक्यावरची भरलेली घागर दोन्ही हातांनी सावरणाऱ्या बाईचे हात आठवा. कोपरांचा तोच कोन, बोटांचा तोच पसारा, पकड नाही पण निसटूही द्यायचं नाही. तळवा चेंडूला लागत नाही. लागतात ती बोटांची पेरं आणि त्यातही अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्यावर खरा भार. अनामिका आणि करंगळी बाजूनं सांभाळतात. अंगठ्यांची टोकं स्वतःच्या डोळ्यांकडे वळलेली असावीत. नवशिके ती समोर चेंडूकडे रोखतात, मग आठ किलोंचा भार थेट अंगठ्याच्या टोकावर येतो आणि पंधरा दिवस लिहिता येत नाही.

आता जरा वाचन थांबवा. डाव्या हातानं उजवा हात कोपराच्या खाली घट्ट धरा आणि उजवी बोटं पेटीवर फिरवल्यासारखी हलवा. कोपराखाली काहीतरी वळवळतं ना? बोटं हलवणारी मोठी इंजिनं तिथे आहेत. खुद्द बोटांमध्ये त्यांना वाकवणारे स्नायू जवळजवळ नाहीतच. हातातले स्नायू लांब कंडरांनी बोटांच्या हाडांना बांधलेले असतात, तळव्यातले काही छोटे स्नायू त्यांना मदत करतात. चेंडू बोटांवर आदळतो तेव्हा बोटं मागे वळतात, कंडरा ताणल्या जातात आणि ताणलेली कंडरा आपल्यात साठलेली बहुतेक ऊर्जा क्षणात परत देते. लिफ्टमधला जो ‘स्प्रिंग’ बघून आपण थक्क होतो तो असा कोपरापासून बोटांपर्यंत ताणून ठेवलेला आहे. मात्र अट एक. बोटं आधीपासून योग्य तेवढी ताठ हवीत. ढिली असली तर चेंडू घसरून तळव्यात येतो आणि ‘थप्’ आवाज होतो. फार ताठ असली तर तो फळीवर आपटल्यासारखा उडतो. हा ताठपणा स्पर्श झाल्यावर ठरवता येत नाही, कारण, पुन्हा तेच, वेळ नाही.

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात वॅट आणि एचपी कळणारी माणसं मोप आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक आकडा. मैदानाच्या उजवीकडून डावीकडे सहा मीटरवर, तीन मीटर उंचीची लिफ्ट द्यायची तर चेंडूला सेकंदाला साधारण ८.६ मीटर वेग द्यावा लागतो. त्यातली ऊर्जा फक्त दहा ज्यूल. एक किलोचं वजन मीटरभर उचललं तर एवढी लागते, शाळकरी पोरगंही देईल. पण ती द्यायची आहे सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. भागाकार केला तर शक्ती येते ४०० वॅट, अर्ध्या एचपीहून जास्त! बोटांच्या बळावर हे भागणार नाही. म्हणून काही वाटा चेंडूतल्या दाबलेल्या हवेचा, काही कंडरांचा, आणि उरलेला पायांचा. गुडघे सरळ व्हायला सुरुवात आधी होते, ती उसळी कंबर, खांदे, कोपरं अशी वर चढत येते आणि नेमकी स्पर्शाच्या क्षणी बोटांपर्यंत पोचते. जो पायांनी लिफ्ट मारतो त्याचे हात शांत दिसतात. जो हातांनी मारतो त्याचा चेहरासुद्धा मेहनत करताना दिसतो.

चेंडूतल्या हवेवरून आठवलं. नियमात हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो सांगितला आहे, म्हणजे तसा चेंडू बोटानं दाबला तर दबतो. आपल्याकडच्या मैदानांवर मात्र पंपाची सुई लावली की दगड होईपर्यंत हवा भरायची पद्धत आहे. स्मॅश मारणाऱ्याला बरं वाटतं, नवशिक्या लिफ्टरच्या बोटांची मात्र वाट लागते आणि तो कायमचा अंडरहँडवर जातो. बोटांना घाबरणारी निम्मी मुलं माझ्या मते चेंडूतल्या हवेमुळे घाबरलेली असतात.

आता नेमकेपणा बघा. ही सहा मीटरची लिफ्ट सोडताना वेगात पाच टक्के फरक पडला तर चेंडू सुमारे साठ सेंटीमीटर पुढे-मागे पडतो, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. उंचीचा कोन एका अंशानं चुकला तर पंधरा-सोळा सेंटीमीटर. आणि दिशा आडवी पाच अंश चुकली, जे बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, तर चेंडू अर्धा मीटर सरकतो. नेटपासून अर्धा-पाऊण मीटरवर ठेवायचा चेंडू मग थेट नेटवर चढतो आणि पलीकडच्या ब्लॉकरला फुकटचं जेवण मिळतं. वारा मी हिशेबात धरलेलाच नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडून ताथवड्यावर येणारा वारा दोन टॉवरच्या फटीतून मैदानावर उतरतो तेव्हा उंच लिफ्ट कुठे जाईल ते खुद्द नृसिंहालाच ठाऊक. शहाणा लिफ्टर अशा दिवशी लिफ्ट ठेंगणी ठेवतो.

गिरकीबद्दल मैदानावर एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लिफ्टरच्या हातून चेंडू फिरत निघाला की समोरची सगळी टीम ‘डबल, डबल’ म्हणून ओरडते. नियमात गिरकी हा फाऊल नाहीच. फाऊल आहे तो एकाच खेळाडूला चेंडू लागोपाठ दोनदा लागणं, किंवा चेंडू धरून ठेवून फेकणं. दोन्ही हात एका क्षणी आणि सारख्या जोरानं लागले तर चेंडू न फिरता निघतो. एक हात आधी लागला तर चेंडूला पीळ बसतो. म्हणून पंच गिरकीवरून अंदाज बांधतात, पण पुरावा म्हणून ती कच्ची आहे, कारण एकदाच लागूनही चेंडू फिरू शकतो. सेकंदाच्या विसाव्या भागात दोन हातांमधला फरक माणसाच्या डोळ्यानं पकडायचा म्हणजे पंचाचीही परीक्षाच. अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलनं २०२४ मध्ये मुलींच्या सामन्यांपुरता हा वाद मोडीतच काढला. दुसऱ्या टचला डबल झाला तरी चेंडू आपल्याच बाजूला राहत असेल तर खेळ चालू. यावर लिफ्टर मंडळींत दोन तट आहेत. मला विचाराल तर कौशल्याची धार थोडी बोथट झाली. चेंडू न फिरता निघणं ही लिफ्टरची सही होती.

पण हे सगळं शिकायचं कसं? इथे मला मॉस्कोतल्या एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कारखान्यांच्या या पट्ट्यात जास्त शोभते. १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन हे शास्त्रज्ञ तिथल्या श्रम संस्थेत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर त्यांनी छोटे दिवे लावले आणि फिल्मवर त्या दिव्यांच्या वाटा टिपल्या. कसबी कामगाराचा हात दर वेळी अगदी एकसारखा हलत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं निघालं नाही. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच जागी येत होतं, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या निराळ्या वाटेनं जात होते. कोपरानं केलेली चूक मनगट परस्पर सावरून घेत होतं. बर्नस्टाइन यांनी यातून असं मांडलं की सराव म्हणजे एकच उत्तर पुन्हा पुन्हा गिरवणं नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्यानं सोडवणं.

चाकणच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबो नेमका याच्या उलट वागतो. त्याच्यासमोर गाडीचा सांगाडा दर वेळी ठरल्या जागी येऊन थांबतो, म्हणून त्याचा हात दर वेळी त्याच वाटेनं गेला तरी चालतं. लिफ्टरसमोर चेंडू कधीच ठरल्या जागी येत नाही. एक पास नेटला चिकटून येतो, दुसरा तीन मीटरच्या रेषेबाहेर, तिसरा बुटका, चौथा फिरत. प्रश्न दर वेळी नवा, उत्तर मात्र एकच हवं, डावीकडच्या अँटेनाजवळ, नेटपासून हातभर आत, स्मॅशरच्या हाताच्या उंचीवर.

म्हणून भिंतीवर रोज दोनशे पास मारणारा मुलगा सामन्यात गोंधळतो. भिंतीचा सराव वाईट नाही, हातांचा आकार बसवायला तो हवाच. पण भिंत चेंडू इमानानं परत देते, सहकारी देत नाहीत. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटानं एक प्रकार पुरा घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटानं सगळे प्रकार मिसळून सराव केला. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी परत परीक्षा घेतली तर मिसळून शिकलेल्यांना जास्त आठवत होतं. मैदानाच्या भाषेत सांगायचं तर ज्या सरावात चेंडू सारखे चुकतात तो बरेचदा जास्त कामाचा असतो. पालकांना आणि काही प्रशिक्षकांनाही हे पचत नाही, कारण बाहेरून बघताना तो सराव गचाळ दिसतो.

या कसबाचा जन्म कुठे झाला हेही ऐकण्यासारखं आहे. व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी काढला. वाय.एम.सी.ए.मध्ये येणाऱ्या मध्यमवयीन माणसांना बास्केटबॉलची धक्काबुक्की सोसेना, म्हणून शोधलेला हा सौम्य खेळ. चेंडू इकडून तिकडे टोलवायचा, बस. एकानं चेंडू मुद्दाम उंच ठेवायचा आणि दुसऱ्यानं तो वरून हाणायचा, ही जोडगोळी १९१६ च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये उदयाला आली. तिथे त्या तडाख्याला ‘बोंबा’ म्हणत. एका बाजूनं तीनच टच घ्यायचे हा नियम १९२० चा. म्हणजे लिफ्ट ही आशियानं खेळाला दिलेली गोष्ट आहे आणि तीन टचच्या नियमानं तिला मधल्या, सगळ्यात अवघड जागेवर कायमचं बसवलं.

पुढे जपाननं तिचं सोनं केलं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि स्त्रियांसाठीचा तो ऑलिम्पिकमधला पहिला सांघिक खेळ. सुवर्णपदक जिंकलेल्या जपानी संघातल्या बहुतेक मुली ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो कंपनीच्या सूतगिरणीच्या संघातल्या होत्या. दिवसा नोकरी आणि त्यानंतर हिरोबुमी दाइमात्सु या प्रशिक्षकांच्या हाताखाली रात्री उशिरापर्यंत सराव. संघाची कप्तान मासाए कासाई, आणि ती सेटर होती. शिफ्ट संपवून मैदानावर येणारी माणसं आपल्या पट्ट्यातही आहेत, त्यांनी ही गोष्ट खिशात ठेवावी.

जपानचीच दुसरी एक सेटर, योशिए ताकेशिता. उंची १५९ सेंटीमीटर. स्त्रियांच्या सामन्यात नेट २२४ सेंटीमीटरवर असतं, म्हणजे तिच्या डोक्याच्या वर आणखी दोन फूट. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती ताकेशिताची. सहाव्या नंबरच्या संघातली, आणि स्मॅश न मारणारी! ‘माझी उंची नाही’ म्हणून व्हॉलीबॉलपासून दूर उभ्या राहणाऱ्या मुलींना हे कुणीतरी शाळेतच सांगायला हवं.

ताथवड्याच्या वाचकाला जागतिक दर्जाची लिफ्ट बघायला टोकियोला जावं लागलं नसतं. महामार्गानं वाकड ओलांडून मुळेचा पूल पार केला की बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. २००९ मध्ये ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, त्याच वर्षी पुण्यात ज्युनियर पुरुषांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा झाली आणि ब्राझीलनं ती जिंकली. ब्राझीलच्या पोरांचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना लिफ्टरची खरी लबाडी कळली असेल.

ती लबाडी म्हणजे शेवटपर्यंत काही कळू न देणं. उंच लिफ्ट हवेत दीड सेकंद राहते, तेवढ्यात समोरचे दोन-तीन ब्लॉकर हात वर करून भिंत बांधतात. म्हणून मोठ्या खेळात मधल्या स्मॅशरला लिफ्ट इतकी ठेंगणी आणि चपळ देतात की तो स्मॅशर चेंडू लिफ्टरच्या हातात असतानाच, कधी त्याच्याही आधी, हवेत उडालेला असतो. हात फिरवायला तो मोकळा, चेंडू त्याच्या हातापाशी आणून देणं लिफ्टरकडे. आणि पुढे, मध्ये, मागे, तिन्हीकडे जाणारे चेंडू एकाच पवित्र्यातून निघायला हवेत. पाठीमागे लिफ्ट द्यायची असेल तर नवशिका आधीच कमरेतून मागे वाकतो आणि सगळा गाव ओळखतो. पक्का लिफ्टर चेंडू कपाळावर घेईपर्यंत ताठ असतो. मागे जायचं की पुढे, हे फक्त शेवटच्या दहा सेंटीमीटरांत उघड होतं. निर्णय आधीच झालेला, तो फक्त अंगावर दिसत नाही. समोरच्या ब्लॉकरलाही तोच ०.२ सेकंदांचा नियम लागू आहे. लिफ्टरनं त्याच्यापासून तेवढा वेळ जरी चोरला तरी स्मॅशरला मोकळं नेट मिळतं.

आता नियमांकडे वळू. १९९८ मध्ये आलेल्या लिबेरो या बचावपटूवरचं एक बंधन बघा. तो पुढच्या तीन मीटरच्या पट्ट्यात उभा राहून बोटांनी लिफ्ट देऊ लागला तर त्या चेंडूवर नेटच्या उंचीवरून स्मॅश मारायला मनाई आहे. तीच लिफ्ट त्यानं अंडरहँडनं दिली तर चालते. नियम करणाऱ्यांनाही दहा बोटांची ताकद ठाऊक आहे.

एवढं वाचून बोटं शिवशिवली असतील तर आजच सुरुवात करा, नेट लागत नाही. चेंडूतली थोडी हवा काढा. मैदानावर किंवा घरात पंख्यापासून लांब उताणे झोपा, हात कपाळाच्या वर धरा आणि चेंडू हातभर वर उडवत राहा. गिरकी घेतोय का बघा. जमलं की उभे राहा आणि कुणाला तरी चेंडू उंच फेकायला सांगा. खाली जा, खिडकीतून तो येताना बघा आणि शेवटच्या क्षणी हात बाजूला काढून घ्या. चेंडू कपाळावर पडला तर तुमचे पाय बरोबर जागी होते. नाकावर पडला तर अर्धं पाऊल पुढे सरका. छातीवर पडला तर जास्त सरका. आणि चष्मा आधी काढून ठेवा.